विणलेल्या रंगाचे शास्त्र

ज्यांना वस्त्ररचना हा आपल्या आयुष्याचा व्यवसाय करावयाचा आहे, अशा विद्यार्थ्यांना आपल्याकडे रंगशास्त्राचा पहिला पाठ बहुधा कागदावर दिला जातो. ड्रॉइंगच्या जाड कागदावर कंपासाने वर्तुळ काढावयाचे, त्याचे बारा समान भाग करावयाचे, लाल, पिवळा आणि निळा हे तीन मूळ रंग परस्परांपासून सारख्या अंतरावर भरावयाचे, आणि त्यांच्या मिश्रणातून निघणाऱ्या नारिंगी, हिरव्या, जांभळ्या रंगांनी मधल्या जागा पुऱ्या करावयाच्या, असा तो पाठ असतो. दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांतून एस.टी.ने नाशिकला येजा करून फॅशन डिझाइनचा अभ्यास करणारी मुलगी असो, की मुंबईच्या एखाद्या नामांकित संस्थेतला विद्यार्थी असो, दोघांच्याही वहीत हे रंगचक्र हमखास सापडते. त्या चक्राबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ते चित्रकाराच्या रंगांचे चक्र आहे, विणकराच्या रंगांचे नव्हे, आणि हा भेद ज्याला प्रारंभीच उमगला नाही त्याची कापडावरची रंगयोजना पुढे कित्येक वर्षे कागदासारखीच सपाट राहते, असे माझे स्पष्ट मत आहे. नाशिक जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचे भाग्य असे, की हा भेद डोळ्यांना दाखवून देणारी पाठशाळा त्यांच्याच जिल्ह्यात, येवल्यास, मागांच्या रूपाने पिढ्यान्पिढ्या चालू आहे.

चित्रकार दोन रंग मिसळतो तेव्हा रंगद्रव्यांचे कण एकमेकांत कालवले जातात. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंगांचे किरण एकवटलेले असतात, हे न्यूटनने लोलकाच्या साहाय्याने सिद्ध केले आणि १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन केले. निळे द्रव्य या किरणांपैकी तांबडे-पिवळे किरण शोषून घेते, पिवळे द्रव्य निळे-जांभळे किरण शोषून घेते, आणि त्या दोघांच्याही तावडीतून जे हिरवे किरण निसटतात तेवढेच आपल्या डोळ्यांपर्यंत येऊन पोचतात. द्रव्यांचे मिश्रण ही अशी प्रकाशाची वजाबाकी असते, आणि म्हणूनच बशीत जितके अधिक रंग कालवावेत तितके ते मिश्रण काळवंडत जाते. धाग्यांचा व्यवहार याहून अगदी निराळा आहे. उभ्या धाग्यांचा निळा ताणा आणि आडव्या धाग्यांचा पिवळा बाणा घेऊन साधी वीण विणली, तर निळ्या धाग्यात पिवळा शिरत नाही आणि पिवळ्यात निळा उतरत नाही. दोघे आपापल्या जागी, एकमेकांच्या खालून-वरून जात, स्वतंत्रच नांदतात. त्यांचा मेळ घडतो तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात. एक मीटर अंतरावरून पाहताना सुमारे ०.३ मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके निरोगी डोळ्यालाही वेगळे दिसत नाहीत, आणि इंचाला शंभर किंवा त्याहून अधिक धागे असलेल्या रेशमी कापडात धाग्याधाग्यांतले अंतर याहून कमीच भरते. मग डोळा दोन्ही रंगांच्या प्रकाशाची सरासरी काढतो, आणि या सरासरीचा निकाल बशीतल्या मिश्रणाशी जुळत नाही. कागदावर निळ्या-पिवळ्याचा जो लुसलुशीत हिरवा निघतो तो विणीत निघत नाही. तेथे करडेपणाकडे झुकलेला एक मंद, हिरवट रंग हाती येतो, आणि रंगचक्र प्रमाण मानून नमुना काढलेला विद्यार्थी आपले कापड पाहून चकित होतो.

या विषयाचे शास्त्रशुद्ध विवेचन ज्याने प्रथम केले तो पुरुष चित्रकार नव्हता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. मिशेल यूजीन शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. जन्म १७८६ सालचा, मृत्यू १८८९ सालचा. शंभरी ओलांडून गेलेले हे दीर्घ आयुष्य त्याने स्निग्ध पदार्थांच्या आणि रंगांच्या अभ्यासात घालविले. पॅरिस येथे गोबलँ नावाचा राजाश्रयाचा जुना कारखाना होता, जेथे भिंतींवर टांगण्याचे चित्रपट लोकरीच्या रंगीत बाण्यांनी विणले जात. त्या कारखान्याच्या रंगखात्याच्या प्रमुखपदी शेव्रलची १८२४ साली नेमणूक झाली. त्याच्यापुढे ज्या तक्रारी आल्या त्यांपैकी एक अशी होती, की निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणण्यासाठी दिलेली काळी लोकर पुरेशी काळी नाही, तिला जोर नाही. शेव्रलने ती लोकर इतर ठिकाणच्या उत्तम काळ्या लोकरीशी ताडून पाहिली आणि रंगाऱ्यांकडे कसलाही दोष नसल्याचा निर्वाळा दिला. लोकर काळीच होती, परंतु निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी बसल्यामुळे ती फिकी, मळकट भासत होती. दोष रंगाच्या कढईत नव्हता, शेजारात होता. या एका तक्रारीच्या तपासातून पुढे १८३९ साली, रंगांच्या परस्परविरोधाचा नियम सांगणारा त्याचा प्रख्यात ग्रंथ सिद्ध झाला. दोन रंग शेजारी ठेवले असता प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतो, फिका रंग अधिक फिका आणि गडद रंग अधिक गडद भासतो, आणि मुळातच परस्परविरोधी असलेले दोन रंग, जसे तांबडा आणि हिरवा, एकमेकांच्या सान्निध्यात दुप्पट तेजाने झळाळतात, असा त्या नियमाचा आशय आहे. मात्र याच विरोधी रंगांचे धागे इतके बारीक करून एकत्र विणले की डोळ्याला ते वेगळे दिसूच नयेत, तर तेच दोन रंग एकमेकांचे तेज मारतात आणि राखाडी-तपकिरी छटा उरते, हेही शेव्रलने दाखवून दिले. पुढे झॉर्झ स्यूरासारख्या चित्रकारांनी रंगाचे ठिपके शेजारी शेजारी देऊन चित्रे रंगविली, त्यांच्या मागे हेच पुस्तक होते; म्हणजे एका परीने चित्रकलेनेच येथे विणकामाकडून विद्या घेतली.

गोबलँच्या चित्रपटांत आणि आपल्या पैठणीच्या पदरात वीण एकाच जातीची आहे, हे कळल्यावर शेव्रलचा ग्रंथ आपल्याला एकाएकी घरचा वाटू लागतो. दोन्हीकडे रंगीत बाणा कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत धावत नाही. नक्षीतला जेवढा भाग ज्या रंगाचा तेवढ्यातच तो रंग फिरतो आणि सीमेवर येताच मागे वळतो. पैठणीचा विणकर प्रत्येक रंगासाठी धागा गुंडाळलेली वेगळी तिल्ली वापरतो, आणि एखाद्या मोराच्या पिसाऱ्यापुरत्याच कितीतरी तिल्ल्या एकाच ओळीत ताण्यावर लोंबत असतात. या रीतीमुळेच खऱ्या पैठणीच्या पदराला उलटी बाजू अशी राहत नाही. मागच्या बाजूस सुटे धागे लोंबत नाहीत आणि दोन्हीकडून नक्षी सारखीच दिसते. काम अर्थातच अतिशय सावकाश चालते. साधा काठ-पदर असेल तर साडीला काही आठवडे लागतात, आणि भरगच्च नक्षीच्या पदराला कित्येक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो.

पैठणीचे नाव ज्या नगरावरून पडले त्या पैठणची, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानाची, कीर्ती फार प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन्ही पेठांचा उल्लेख आहे आणि तगरहून बैलगाड्यांनी भडोच बंदराकडे जाणाऱ्या नाना प्रकारच्या कापडाची नोंद आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या स्त्रीपुरुषांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांची आणि बुट्ट्यांची वस्त्रे आहेत, आणि तेथील कमळ पैठणीच्या पदरावर आजही विणले जाते. येवल्याचा इतिहास त्या मानाने अलीकडचा. रघोजीबाबा नाईक यांनी विणकरांना आश्रय देऊन ही पेठ वसविली, असे परंपरा सांगते. पेशवाईत या वस्त्राला राजमान्यता मिळाली. थोरल्या माधवराव पेशव्यांनी असावली वेलींच्या दुपट्ट्यांची मागणी केल्याचा आणि त्यांचे रंग तांबडा, हिरवा, केशरी, डाळिंबी व गुलाबी असे नमूद केल्याचा दाखला नेहमी दिला जातो. ही यादी मी रंगशास्त्राच्या दृष्टीने पुष्कळदा न्याहाळली आहे. पाचांपैकी चार रंग तांबड्याच्या घराण्यातले, आणि पाचवा, हिरवा, नेमका त्या घराण्याचा विरोधी. जामदारखान्यात हे दुपट्टे एकावर एक रचले गेले असतील तेव्हा त्या एका हिरव्याने बाकीच्या चौघांना किती उठाव दिला असेल, याची कल्पना शेव्रल वाचलेल्याला सहज करता येते. आणि ती मागणी शेव्रलच्या जन्मापूर्वीची आहे.

येवल्याच्या मागावर विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पावड्या दाबून ताण्याचे धागे वर-खाली करतो, धोटा फेकतो आणि फणीने बाणा ठोकतो. ही क्रिया पाहणाऱ्याला प्रथम यांत्रिक वाटते. परंतु तेथे रंगाचे जे निर्णय घेतले जातात त्यांतला एकेक निर्णय स्वतंत्र पाठाच्या योग्यतेचा आहे. धूपछाव पैठणीचेच पाहा. तिच्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो: निळा आणि हिरवा मिळून मोरपंखी, निळा आणि तांबडा मिळून वांगी अथवा जांभळा. सरासरीचा नियम येथेही लागू आहेच, परंतु रेशमाच्या बाबतीत त्याहून एक गोष्ट अधिक घडते. रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, आणि त्यावरून प्रकाश आरशाप्रमाणे ठराविक दिशेने परततो. लांबट धागा प्रकाश परतवतो तो स्वतःच्या लांबीला काटकोनात असलेल्या पातळीत. ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात असल्यामुळे ज्या कोनातून ताणा चमकतो त्या कोनातून बाणा मंद राहतो, आणि कापड किंचित फिरवले की उलट होते. म्हणून सपाट पसरलेली धूपछाव साडी पाहून तिची खरी परीक्षा होत नाही; ती नेसली गेली, निऱ्या पडल्या, पदर खांद्यावरून उतरला, म्हणजे त्या निऱ्यांच्या उंच-सखल भागांवर दोन रंगांची फेरपालट सुरू होते. वस्त्राची रचना करणाऱ्याने रंग अंगावरच्या घड्यांत कल्पिला पाहिजे, हा धडा यापेक्षा चांगल्या रीतीने कोणताही तक्ता देऊ शकत नाही.

जरीचा विचारही असाच करावा लागतो. अस्सल जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली रुपेरी तार. तिला पदरात बाण्याचे स्थान असते. परंतु ताणा मात्र रेशमाचाच राहतो, आणि जरीच्या फटींतून तो अतिसूक्ष्म बिंदूंच्या रूपाने डोकावतो. ताणा तांबडा असेल तर तीच जर तांबूस, ऊबदार सोन्यासारखी भासते. ताणा हिरवा असेल तर तिच्यात हिरवट थंडावा येतो. एकाच कारखान्यातून आलेल्या एकाच जरीचे दोन पदर शेजारी ठेवून पाहिल्यास हा फरक नवशिक्यालाही दिसतो. आणि जरीच्या या पिवळ्या झळाळीवर मुनियेचा पोपटी रंग, कोयरीचा डाळिंबी किंवा मोराचा निळा रंग कसा बसेल, हे ठरविताना विणकर रिळावरच्या रंगावर विसंबत नाही. तो चार बोटे विणून, दोन पावले मागे जाऊन पाहतो.

काठाची आणि अंगाची जोडी हा तर आपल्या लुगड्यांचा प्राण होय. काळ्या चंद्रकळेला तांबडे काठ असतात, आणि काळ्याच्या सान्निध्यात तो तांबडा निखाऱ्यासारखा पेटतो. तोच काठ गुलाबी अंगाला लावला तर त्याची सारी रग जाते. रंगाची तीन परिमाणे सांगितली जातात: रंगाची जात, त्याचा उजळपणा आणि त्याची शुद्धता. बोस्टनचे कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली या तीन परिमाणांवर आधारलेली जी रंगमोजणी प्रसिद्ध केली, ती जगभर शिकविली जाते. काठ आणि अंग यांच्यात केवळ जातीचा भेद ठेवून भागत नाही, उजळपणाचाही भेद ठेवावा लागतो, कारण दूर अंतरावरून रंगाची जात आधी पुसट होते आणि उजेड-अंधाराचा भेद मागे उरतो. दिंडोरी तालुक्यातील वणी या गावाच्या नावाने जी सर्वत्र ओळखली जाते त्या सप्तशृंगी देवीची गडावरची, कड्यात कोरलेली अठरा भुजांची भव्य मूर्ती नवरात्रात पैठणी नेसते, आणि दर्शनाच्या रांगेतून सरकणारा भाविक ती पैठणी बऱ्याच अंतरावरून क्षणभरच पाहतो. तेवढ्या क्षणात काठ कोठे संपला आणि अंग कोठे सुरू झाले हे ज्या वस्त्राचे स्पष्ट दिसते, त्याचीच योजना चांगली म्हणावी. दिंडोरीच्या विद्यार्थिनीने गडावर जावे तेव्हा देवीला नमस्कार करून झाल्यावर या दृष्टीनेही एकवार पाहावे; त्यात भक्तीला उणेपणा येत नाही.

येवल्याच्या पेठेत आणखी एक रीत पाहण्यासारखी आहे. रंगाची जोड जमवावयाची असली की रिळे किंवा कापड दारात नेऊन दिवसाच्या उजेडात पाहिले जाते. या रीतीमागे पक्के शास्त्र आहे. निरनिराळ्या द्रव्यांनी रंगविलेले दोन धागे सूर्यप्रकाशात तंतोतंत एक दिसले, तरी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली किंवा पिवळ्या दिव्याखाली ते वेगळे दिसू शकतात, कारण प्रत्येक दिव्याच्या प्रकाशात निरनिराळ्या किरणांचे प्रमाण निराळे असते आणि प्रत्येक द्रव्य त्यांतले निराळे किरण गिळते. ब्लाउजपीस साडीला जुळले असे दुकानात वाटावे आणि मांडवात ते परके दिसावे, हा अनुभव घरोघरच्या स्त्रियांना आहे. म्हणून डिझायनरने नमुना नक्की करण्यापूर्वी तो निदान दोन उजेडांत पाहावा, आणि लग्नसमारंभाचे वस्त्र असेल तर ज्या दिव्याखाली ते नेसले जावयाचे त्या जातीच्या दिव्याखाली अवश्य पाहावा.

आता खुद्द रंगाकडे, म्हणजे रंगविण्याच्या विद्येकडे वळतो. कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाचे आवरण असते, आणि ते वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा भरते. साबणाच्या किंवा सोड्याच्या उकळत्या पाण्यात ते काढून टाकल्याखेरीज रेशमाला मऊपणा येत नाही, चकाकी येत नाही आणि रंगही समान चढत नाही. रेशीम हा प्राणिज तंतू, रेणूंच्या दृष्टीने प्रथिन. त्याला आम्लयुक्त पाण्यात चढणारे रंग मानवतात. कापूस वनस्पतिज, त्याच्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग बाजारात आले ते १९५६ साली. म्हणजे एकच छटा रेशमावर, सुतावर आणि लोकरीवर हवी असेल तर तिन्हींसाठी तीन वेगळ्या वाटांनी जावे लागते, आणि तसे जाऊनही रेशमावर ती उजळ, सुतावर ती शांत आणि लोकरीवर ती खोल दिसते. कागदावर रंगाचा केवळ तुकडा चिकटवून कोणत्याही कापडाची मागणी नोंदविणाऱ्या रचनाकाराला याची जाणीव असावी.

जुनी रंगविद्या मात्र दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या घरातल्या वस्तूंनीच शिकविता येईल, ही गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते. पावसाळ्यात द्राक्षवेलींवर केवड्याचा रोग पडू नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातले मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तोच रंगाऱ्यांच्या हाती आला की पिवळ्या रंगाला शेवाळी हिरव्याकडे नेतो. वेलीला लोह कमी पडले, पाने पिवळी पडली, तर हिराकस देतात. हिरड्याच्या काढ्यात भिजविलेल्या कापडावर हेच हिराकस पडले की ते काळे होते, कारण हिरड्यातले तुरट द्रव्य आणि लोह यांचे काळे संयुग बनते. तुरटी तर सर्वांच्या घरी असते. ती तंतू आणि रंगद्रव्य या दोघांनाही धरून ठेवते, आणि ती लावल्यावाचून मंजिष्ठेचा तांबडा टिकत नाही. एकाच डाळिंबाच्या सालीच्या काढ्यातून तुरटीने पिवळा, मोरचुदाने हिरवट आणि हिराकसाने करडा, असे तीन रंग निघतात, हे ज्या मुलीने स्वतःच्या हाताने पाहिले तिला रंगाचे रसायन पुन्हा पाठ करावे लागणार नाही. मात्र मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाच्या भांड्यांत हे प्रयोग करू नयेत, एवढी ताकीद येथेच दिलेली बरी.

करडईचे तेल आपण खातो, परंतु तिच्या फुलांच्या पाकळ्यांतून पूर्वी कुसुंबी रंग काढीत, याची आठवण आता थोड्यांनाच आहे. त्या पाकळ्यांत दोन रंग असतात: पिवळा पाण्यात सहज विरघळतो, म्हणून पाकळ्या वारंवार धुऊन तो टाकून देतात, मग अल्कधर्मी पाण्यात उरलेला तांबडा सोडवून घेतात, आणि त्या पाण्यात लिंबासारखे आम्ल पडताच तो वस्त्रावर बसतो. रंग मोठा मोहक, पण उन्हात झपाट्याने विटणारा. निळीची गोष्ट याच्या उलट. नीळ पाण्यात विरघळतच नाही; कुंडातल्या पाण्याचा प्राणवायू काढून घेऊन तिला विरघळणाऱ्या रूपात आणावे लागते. कुंडातून बाहेर काढलेले कापड आधी पिवळट-हिरवे दिसते आणि हवा लागताच पाहता पाहता निळे होते. अस्सल हिरवा रंग एकाच वनस्पतीतून मिळणे दुर्मीळ, म्हणून रंगारी निळीवर हळदीचे किंवा डाळिंबसालीचे पूट देऊन हिरवा करीत, आणि जुन्या हिरव्या वस्त्रांतला पिवळा आधी उडून ती निळसर का झाली, याचे उत्तर या रीतीत आहे. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने लंडनला डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग केला, आणि १८९७ पासून जर्मनीतली कृत्रिम नीळ जगाच्या बाजारात येऊ लागली; त्यानंतर वनस्पतींच्या रंगांची ही विद्या मागे पडत गेली. आज येवल्यास बहुतेक रेशीम कृत्रिम रंगांचेच असते. त्यात गैर काही नाही. पक्केपणा आणि सारखेपणा यांत कृत्रिम रंग श्रेष्ठच आहेत. जुनी विद्या शिकावयाची ती रंग आणि तंतू यांचे नाते समजण्यासाठी.

कलावंत आणि विणकर यांना एकत्र आणण्याचे सरकारी प्रयत्न आपल्या देशात झालेच नाहीत असे नाही. १९५६ पासून पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रे निघाली आणि त्यांत चित्रकारांना नोकऱ्या देऊन मागवाल्यांसाठी नमुने तयार करण्यास बसविले गेले. अलिबागजवळच्या नागावचे प्रभाकर बरवे, ज्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठी चित्रकला-विचारात मानाचे स्थान पावले, त्यांनी याच केंद्रांच्या वाराणसी व मुंबई येथील शाखांत कित्येक वर्षे काम केले. बरव्यांच्या चित्रांतल्या सपाट, काटेकोर, परस्परांपासून अलग राहिलेल्या रंगक्षेत्रांकडे पाहताना मला नेहमी वाटते, की विणकामाच्या सान्निध्याने त्यांच्या रंगदृष्टीला एक शिस्त लाविली असली पाहिजे. हे माझे अनुमान आहे, पण मला ते दृढ वाटते.

मुंबईत १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेपासून आजच्या फॅशन संस्थांपर्यंत वस्त्ररचनेच्या शिक्षणाच्या सोयी पुष्कळ झाल्या आहेत. परंतु तेथे पोचण्यापूर्वीच, अथवा तेथे पोचणे परिस्थितीमुळे शक्य नसेल तर घरीच, एक अभ्यास कोणालाही करता येण्यासारखा आहे. लाकडाची हातभर लांबीची चौकट घ्यावी, दोन समोरासमोरच्या बाजूंना सारख्या अंतरावर बारीक खिळे मारावेत, आणि त्यांवर लाल, पिवळा, हिरवा, निळा, पांढरा व काळा अशा सहा रंगांचे रेशमी किंवा मर्सराइज्ड सुताचे पट्टे ताण्याच्या रूपाने लावावेत. मग त्याच सहा रंगांचे बाणे, त्याच क्रमाने, प्रत्येकी सारख्या रुंदीचे विणावेत. छत्तीस चौकोनांचे एक लहानसे कापड तयार होईल. त्यांतले सहा चौकोन शुद्ध रंगांचे असतील. उरलेल्या तिसांत प्रत्येक जोडी दोनदा येईल, एकदा तांबडा ताणा आणि हिरवा बाणा, दुसऱ्यांदा हिरवा ताणा आणि तांबडा बाणा. हा तुकडा जवळून पाहावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला टांगून पाहावा, त्याला घडी घालून उन्हात तिरका धरावा आणि रात्री दिव्याखाली पाहावा, आणि प्रत्येक वेळी छत्तीस चौकोनांविषयी काय दिसले ते वहीत लिहावे. पांढऱ्याशी विणलेला प्रत्येक रंग कसा फिकट होतो आणि काळ्याशी विणलेला कसा खोल जातो, तांबडा-हिरवा जवळून कसा थरथरतो आणि दुरून कसा तपकिरी होऊन निजतो, हे सर्व शेव्रलने ग्रंथात सांगितलेले येथे हातात धरता येते. हे कापड पुरे झाल्यावर येवल्यास जावे. नाशिकच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरांवरचे दिंडोरी आणि पूर्वेस सुमारे ८० किलोमीटरांवरचे येवले यांच्यात एका दिवसात जाऊन येण्याइतकेच अंतर आहे. आणि तो चौकोनांचा तुकडा बरोबर असला म्हणजे मागाजवळ उभे राहून प्रश्न काय विचारावेत याची पंचाईत पडत नाही.

नाशिक जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयांत वस्त्ररचनेचे आणि फॅशनचे वर्ग चालतात त्यांच्या चालकांना माझी विनंती आहे, की त्यांनी पहिल्या वर्षाच्या रंगशास्त्राचे निदान काही आठवडे येवल्याच्या मागांवर काढण्याची तजवीज अभ्यासक्रमातच करावी, आणि तेथे शिकविणाऱ्या विणकराला पाहुणा म्हणून शाल-नारळावर न बोळवता अध्यापक म्हणून ठरलेले मानधन द्यावे. तिल्ली हातात धरून जो तासन् तास बसतो त्याचा बसलेला वेळ हीच त्याची मजुरी असते. तो वेळ विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा तर त्याचा मोबदला संस्थेने दिला पाहिजे.